मदत हवी आहे: बाबांच्या गालातला पांढरा चट्टा, बीडी आणि काढा

बाबा ५८ वर्षांचे, वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात शेती. तीस वर्षांपासून दिवसाला बीडीचा एक कट्टा. खर्रा नाही, दारू नाही, शुगर नॉर्मल.

डाव्या गालाच्या आत, ओठाच्या कोपऱ्याजवळ, तुरीच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा आहे. महिना झाला. कापसाने पुसून पाहिला, निघत नाही. दुखत नाही म्हणून ते मनावरच घेत नाहीत.

कोणीतरी सांगितलं की हर्बल चहाने तोंडातल्या पेशी सुधारतात. तेव्हापासून गवती चहा, तुळस, अद्रकाचा काढा दोन्ही वेळ चालू आहे. कप ओसरीवर ठेवतात अन् त्याच हाताने बीडी पेटवतात. बघवत नाही हो. वर तो वाफाळता पितात. ६५ अंशांवरचं पेय अन्ननलिकेला घातक असू शकतं, म्हणून आता मी थंड करून देते.

तंबाखू सोडण्याच्या १८००-११२-३५६ नंबरवर बोलणं करून दिलं. चार दिवस बंद, मग पुन्हा सुरू. गावाजवळच्या डॉक्टरांनी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायला सांगितलंय. पण कापूस वेचणी सुरू आहे, बाबा एकच दिवस यायला तयार आहेत.

लेप, गुळण्यांचे उपाय कृपया नको. तिथे नेलेल्यांनी एवढंच सांगा: तपासणी आणि बायोप्सीसाठी चट्ट्याचा तुकडा काढणं एकाच दिवशी होतं का, सकाळी किती वाजता पोहोचावं? आणि इथे कोणी दंतवैद्य असतील तर, बीडी चालू असताना काढ्याने त्या पेशींना खरंच काही फरक पडतो का?