बँकॉक ते सिंगापूर रेल्वेने: बाबांना नेऊ का?

फोंडेकरीण:
बाबा गोव्यातच कुळ्याला रेल्वेत होते, मीटरगेजच्या (एक मीटर रुंदीच्या रुळांच्या) काळात. आता ७१ वर्षांचे आहेत. एकच इच्छा उरलीय म्हणतात, गाडीत बसून दुसऱ्या देशात उतरायची. मोपा विमानतळावरून बँकॉकला जाऊन पुढे सिंगापूरपर्यंत रेल्वेने न्यावं म्हणते. त्यांना झेपेल का? आईही येणार, ती सोमवारी शिवराक (शाकाहारी) असते, तेही बघायला हवं.

मडगावकर:
ताई, नक्की न्या. आम्ही नवरा-बायको याच मार्गाने जाऊन आलो. थेट गाडी नाही, तुकडे जोडावे लागतात. बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवाट स्थानकातून ४५ नंबरची रात्रीची गाडी घ्या. तिकीट सीमेवरच्या पाडांग बेसारपर्यंतचं आहे ना, हे नीट बघा, कारण त्याआधी थायलंडमधल्या हाट याईला बरेच डबे काढतात. सेकंड स्लीपरचे सगळे बर्थ आपल्या साइड बर्थसारखे असतात. बाबांना खालचाच द्या. तो रुंद असतो, खिडकीही त्यालाच. अंथरूण डब्यातला माणूस घालून देतो.

पाडांग बेसारला थाई आणि मलेशियन इमिग्रेशन एकाच स्थानकात होतं. पण मलेशियाचं घड्याळ एक तास पुढे. आम्ही ते विसरलो आणि क्वालालंपूरची ईटीएस (मलेशियाची जलद गाडी) डोळ्यांदेखत गेली. मध्ये तीन तास तरी ठेवा. रात्रीचा मुक्काम क्वालालंपूरला करा, या वयात सलग जाऊ नका.

शेवटी मलेशियाच्या टोकाच्या जोहोर बारूहून सिंगापूरच्या वुडलँड्सची शटल गाडी. पाचच मिनिटांचा प्रवास, पण तिकिटं लवकर संपतात. सिंगापूरचा व्हिसा इथूनच काढून न्या. थायलंड आणि मलेशिया दोन्हींचं ऑनलाइन आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं.

वास्कोची काकू:
बाय, सोमवारची गाडी घेऊच नको. तिकडे नुसत्या भाजीतही फिश सॉस घालतात. दशम्या नि सुकी चटणी बांधून ने. क्वालालंपूरला मात्र काळजी नाही. तिथल्या केएल सेंट्रल स्थानकाच्या बाजूलाच ब्रिकफील्ड्स भाग आहे, तिथे केळीच्या पानावर शिवराक जेवण मिळतं.

फोंडेकरीण:
मडगावकर, काकू, देव बरें करूं! बाबांना सगळं वाचून दाखवलं. थायलंड-मलेशियात अजून मीटरगेजच आहे हे मी शोधून सांगितलं, तेव्हा ते उठूनच बसले. पाडांग बेसारला तीन तास कमीच पडतील म्हणतात, त्यांना रूळ बघायचेत. मंगळवारची तिकिटं बघते.