मार्सेला उतरणार असाल तर मॅकरॉन तिथेच खा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर चांगले मॅकरॉन (दोन बदामी चकत्यांमध्ये सारण भरलेली फ्रेंच मिठाई) मिळतील का आणि ते कोल्हापूरपर्यंत टिकतील का, असं तुम्ही विचारलंय. जहाजावरच्या बुफेवर फार भिस्त ठेवू नका. मॅकरॉनचं कवच बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांचं असतं. उघड्यावर ठेवलं की ते समुद्राची दमट हवा शोषतं आणि मऊ पडतं. त्यापेक्षा मार्से या फ्रान्सच्या बंदरात उतराल तेव्हा एखाद्या पॅटिसरीत, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानात जा, तिथले ताजे घ्या.

पॅरिसला मुक्काम असेल तर दोन दुकानं नक्की: १८६२पासूनचं लादुरे आणि पिएर एर्मे. एर्मेंचा गुलाब, लिची आणि रास्पबेरीचा ‘इस्पाहान’ मला फार आवडतो. आपल्याकडच्या गुलकंदाच्या पानाची आठवण येते. खरंच चुकवू नका.

निवडताना बघा: वरचा भाग गुळगुळीत, कडेला बारीक जाळीदार झालर, दाताखाली पातळ कवच मोडून आत ओलसर. रंग फार भडक असेल तर मी घेत नाही.

आणायचेच असतील तर चॉकलेटच्या सारणाचे, घट्ट डब्यात, हातातल्या बॅगेत. मुंबईहून कोल्हापूरला येताना डिकीत ठेवू नका, एसीत जवळ ठेवा. घरी लगेच फ्रिजमध्ये, खाण्याआधी थोडा वेळ बाहेर.

घरी कुणी अंडं खात नसेल तर आधी सांगा, मैदा नसला तरी अंडं असतंच. मुंबईत थांबणार असाल तर ‘ले फिफ्टीन’ या पॅटिसरीचेही चाखून बघा.