मदत हवी आहे: आजारी आफ्रिकन ग्रे पोपट बियांखेरीज कशालाच चोच लावत नाही

अर्धीवाटी
मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय. लिहायची वेळ आज पहिल्यांदाच आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मावशी तिच्या लेकाकडे राहायला गेली आणि तिचा आफ्रिकन ग्रे, गुंड्या, आमच्याकडे आला. वय ११. मावशीने त्याला जिवापाड जपलं यात शंकाच नाही, पण खाणं म्हणाल तर सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि तिच्या चहाबरोबर बिस्किटाचा तुकडा. ११ वर्षं हेच, आणि वाटी कायम भरलेली. मिश्र बिया घातल्या तरी साहेब त्यातलं सूर्यफूल तेवढं वेचून खाणार, बाकीचं खाली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पोपट म्हटलं की बियाच, असंच डोक्यात होतं.

महिन्याभरापूर्वी शिंका सुरू झाल्या. मग उजवी नाकपुडी बंद झाली, डाव्या डोळ्याची पापणी सुजली, दिवसभर पिसं फुगवून बसायला लागला. गेल्या आठवड्यात सकाळी धप्पकन आवाज आला म्हणून धावले, तर दांडीवरून खाली पडलेला, पाय थरथरत होते. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडात पांढरे चट्टे दाखवले. टाळूच्या फटीला जे बारीक काटे असतात ते झिजून सपाट झालेत म्हणाले. नाकातून वाळलेला खडा काढला. निदान असं की अ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, त्यावर जंतुसंसर्ग, आणि रक्तात कॅल्शियम कमी. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, कॅल्शियम आणि १४ दिवसांचं प्रतिजैविक चालू आहे.

"औषध संपेल, पण खाणं बदललं नाही तर हा परत इथेच येईल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि तिथेच घोडं अडलंय. पेलेट (पोपटांसाठी मिळणारं तयार, दाणेदार खाद्य) ठेवले, ढुंकून पाहिलं नाही. गाजर दिलं तर मागे सरकून गुरगुरला. सफरचंदाचा एक घास घेऊन फेकला. बिया काढून घेतल्या तर उपाशी राहील ही भीती, ठेवल्या तर तेच खाणार. इतक्या अशक्त पक्ष्याचं खाणं बदलायचं तरी कसं? तोवर निदान जीवनसत्त्व पोटात जावं म्हणून मी पाण्यात मल्टिव्हिटॅमिनचे थेंब घालतेय. पिंजरा ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकघरात हलवलाय.

चकली
आधी पिंजरा स्वयंपाकघरातून बाहेर काढा. आत्ता. बाकीचं नंतर वाचा. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत जातो. आपल्याला वाससुद्धा येत नाही.

रानभूल
चकलीला दुजोरा. ऊब हवीच आहे, पण ती दुसऱ्या खोलीत. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला २८ ते ३० अंश राहील असं करा, म्हणजे गरम झालं की तो स्वतः दुसऱ्या बाजूला सरकेल. पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला तर ऊब जास्त होतेय.

दुसरं, ते थेंब. डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर आजच फोन करा आणि ते सांगेपर्यंत बंद ठेवा. अ जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. इंजेक्शन, वर थेंब, उद्या पेलेट खायला लागला की त्यातलंही, म्हणजे कमतरतेकडून थेट विषबाधेकडे जायचं. शिवाय थेंबांनी पाण्याची चव बदलते आणि पक्षी पाणीच कमी पितो. त्या पाण्यात जंतूही लवकर वाढतात. भाज्यांचं तसं नाही. गाजर, रताळं, लाल भोपळा यांत बीटा कॅरोटीन असतं, शरीर त्यातून लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व बनवतं.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा: वजन किती?

भरलं_वांगं
एवढं कशाला डोकं खाताय. दोन दिवस बिया बंद करा, फक्त पेलेट ठेवा. भूक लागली की मुकाट खाईल. आमच्या कुत्र्याचं असंच केलं होतं.

रानभूल
कुत्र्याचं केलं असेल, इथे नको. बियांवर वाढलेल्या पोपटाला पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही. तुमच्यासमोर वाटीभर लाकडाचे खडे ठेवले तर दोन दिवसांनी तुम्ही ते खाल का? लहान शरीर, जोरात चालणारी चयापचय, त्यात आजार. असा पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी मरू शकतो. पुन्हा वर त्याने दाणे इकडेतिकडे उडवलेले असतात, आपल्याला वाटतं खाल्ले.

अर्धीवाटी
सांगायला लाज वाटतेय, पण काल मी हेच केलं. दिवसभर फक्त पेलेट. आज रानभूल यांचं वाचून वजनकाटा आणला. परवा डॉक्टरांकडे ३७२ ग्रॅम होता, आज ३६१. छातीचं मधलं हाड हाताला टोचतंय. बिया लगेच परत ठेवल्या, अधाशासारखा खाल्ला.

पिंजरा हलवला. डॉक्टरांशीही बोलले, थेंब बंद करा म्हणाले आणि बरंच काही म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

रानभूल
लाज वगैरे सोडा. कळलं ना वेळेत, झालं.

आता नीट सांगते. माझ्याकडचा ग्रे १६ वर्षांचा आहे आणि त्याला बियांवरून हलवायला मला पाच महिने लागले होते. तोही धडधाकट असताना.

सध्या खाणं बदलू नका. हो, उलटंच सांगतेय. आधी त्याला जे ओळखीचं आहे ते खाऊन वजन वर येऊ दे. रोज सकाळी, पहिली मोठी शी झाल्यावर आणि खाण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. काट्यावर छोटी दांडी ठेवलीत तर तो आपणहून चढेल. ग्रे साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच्या घरात असतो, पण पुस्तकी आकड्यापेक्षा त्याचा स्वतःचा आलेख बघा. पक्षी आजार लपवतात. पिसं फुगलेली असली की हाडांचा सापळाही गोलमटोल दिसतो. डोळ्यांना दिसायच्या चार दिवस आधी काट्याला कळतं. मूळ वजनाच्या १० टक्के उतरलं तर वाट न बघता डॉक्टर.

वजन आठवडाभर स्थिर राहिलं आणि त्यांची परवानगी मिळाली, की मग सुरुवात. त्यातही पहिला बदल कशात, तर बिया किती वेळ समोर असतात त्यात. कायम भरलेली वाटी बंद. सकाळी उठल्यावर भूक सगळ्यात जास्त असते, तेव्हा तासभर नवीन पदार्थ ठेवायचा, मग मोजून बिया. संध्याकाळी पुन्हा तसंच. त्याने नवीन काही खाल्लं नाही तरी बिया द्यायच्याच. शिक्षा नाही करायची.

नवीन पदार्थ ओळखीच्या पदार्थाला चिकटवून द्या. रताळं वाफवून कोमट लगदा करा आणि सोललेला शेंगदाणा त्यात घोळवून द्या. शेंगदाण्यापर्यंत पोचायला चोच माखतेच. पेलेट कुटून पूड करा आणि किंचित ओलसर केलेल्या बियांवर भुरभुरवा, बी सोलताना जिभेला चव लागते. पुढे पुडीऐवजी चुरा, मग अख्खे दाणे. ओलं काहीही दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवू नका. मोड आलेल्या बिया हा एरवी उत्तम पूल आहे, पण त्यात जंतू पटकन वाढतात, म्हणून प्रतिजैविक चालू असेपर्यंत नको.

आणि त्याच्यासमोर बसून तुम्ही खा. खोटं नाही, खरंच खा, मिटक्या मारत. पोपट थव्यात खाणारा प्राणी आहे, दुसरा खातोय म्हणजे ते विषारी नाही एवढं त्याला कळतं. माझा ग्रे पहिल्यांदा गाजर खाल्ला तो माझ्या हातातून हिसकावून. वाटीतलं गाजर तसंच पडून होतं.

शेंगदाणे स्वच्छ, ताजे, खवट वास नसलेलेच घ्या. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष यकृताला घातक असतं. अ जीवनसत्त्व कमी पडलेल्या पक्ष्याच्या श्वासमार्गाचं अस्तर आधीच कडक, सोलवटलेलं असतं, तिथे बुरशीलाही सहज घर मिळतं.

चकली
मस्त लिहिलंस. भर घालते: अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी अजिबात नाही. मावशींच्या चहातलं बिस्कीटसुद्धा विसरायचं.

दूरदर्शी
कॅल्शियमबद्दल कोणी बोललं नाही. ग्रे जातीत हे दुखणं इतर पोपटांपेक्षा जास्त दिसतं. थरथर, दांडीवरून पडणं, पुढे झटके. सूर्यफुलात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. आणि कॅल्शियम पोटातून रक्तात जायला ड३ जीवनसत्त्व लागतं, ते सूर्याच्या यूव्हीबी किरणांनी बनतं. पिंजरा खिडकीच्या बंद काचेमागे ठेवून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. बरा झाला की कोवळ्या उन्हात बाहेर, अर्धी सावली ठेवून, तुम्ही शेजारी बसून. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. कटलबोन (कटलफिश या समुद्री जीवाचं कॅल्शियम असलेलं हाड) टांगून ठेवा, पण बरेच पोपट त्याचा नुसता भुगा करतात, पोटात काही जात नाही. म्हणून औषध डॉक्टरांनी थांबवेपर्यंत चालूच.

अर्धीवाटी
तीन आठवड्यांनी येतेय. प्रतिजैविक संपलं, पापणीची सूज गेली, पडणं थांबलं. वजन ३८८. गेल्या सोमवारपासून रताळ्याचे शेंगदाणे सुरू केलेत. पहिले तीन दिवस शेंगदाणा पिंजऱ्याच्या गजावर पुसून पुसून खाल्ला (!), चौथ्या दिवशी पुसायचा कंटाळा आला असावा.

पण आज घाबरलेय. शी पातळ झालीय आणि नारिंगी. भोवती पाण्याचं डबकं. परत संसर्ग?

रानभूल
काल काय खाल्लं?

अर्धीवाटी
लाल भोपळ्याचा लगदा. पहिल्यांदाच. जवळजवळ चमचाभर!

रानभूल
मग भोपळाच आहे तो. पोपटाच्या शीचे तीन भाग असतात: घट्ट विष्ठा, पांढरे यूरेट (लघवीतला घट्ट क्षार) आणि पाण्यासारखी लघवी. रसदार भाजी खाल्ली की लघवी वाढते, विष्ठेला भाजीचा रंग येतो. बीट खाल्लं तर रक्त पडल्यासारखं दिसेल, आधीच सांगून ठेवते. चिंता कधी करायची, तर पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी हिरवा झाला तर, कारण ते यकृताचं लक्षण असू शकतं. विष्ठा डांबरासारखी काळी झाली, किंवा शीची संख्या एकदम घटली तरी. शी घटली म्हणजे खाणं घटलं. तळाला साधा पांढरा कागद घाला, मोजायला सोपं जातं.

उद्या भोपळा न देता बघा. पूर्ववत झालं तर प्रश्न मिटला, नाही झालं तर नमुना घेऊन जा.

भरलं_वांगं
माझा वरचा सल्ला मागे घेतो. वाचून बरंच कळलं.

अर्धीवाटी
भोपळाच होता. दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर.

आज नववा आठवडा. वजन ४१८ वर दहा दिवस टिकून आहे. तपासणीत नाक स्वच्छ, चट्टे गेले. टाळूचे काटे पूर्ण परत येतीलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. पेलेट चुरा करून बियांत निम्मेनिम खातो, अख्खा दाणा अजून पाण्यात बुडवून मारतो. रताळं, भोपळा, गाजराचा कीस चालतो. मावशीचा व्हिडिओ कॉल आला की मात्र बिस्किटाची पुडी फाडल्याचा आवाज काढतो, हुबेहूब. ती रडते, मी फोन फिरवते.

दोन शंका. पिसं अजून निस्तेज, आडव्या रेघांची आहेत. आणि लाल ढोबळी मिरची दिली तर हा आतल्या बिया वेचून खातो आणि गर भिंतीवर मारतो. चालतं का?

दूरदर्शी
पिसं एकदा वाढली की ती मेलेली वस्तू, आपल्या केसांसारखी. ती सुधारत नाहीत, गळून नवी येतात. आत्ताच्या रेघा ही पिसं वाढतानाच्या कुपोषणाच्या आहेत. पुढच्या पीसगळतीनंतर बघा.

चकली
मिरचीच्या बिया चालतात. तिखट मिरचीच्यासुद्धा चालतील, पक्ष्यांना तिखट लागतच नाही.

रानभूल
चालतात, पण आपल्याला हवं ते गरात आहे. बिया सोडवून देऊ नका. मिरचीची उभी फोड करा, बिया गराला चिकटलेल्याच ठेवा आणि गजांत घट्ट अडकवा. ओढायला गर चावावाच लागेल.

अर्धीवाटी
करून पाहिलं. बिया खाल्ल्या, फोड गजातून उपटली आणि गर माझ्या चष्म्यावर. चोचीला मात्र आतल्या बाजूने लाल लागलंय.