२४ तासांचा उपास सोडताना आधी काय खाता?

प्रश्न
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने मी आठवड्यातून एकदा २४ तासांचा उपास करतेय, फक्त पाण्यावर. उपासाचा काहीच त्रास नाही, दिवस छान जातो, प्रॉब्लेम येतो तो सोडताना. तोपर्यंत भूक एवढी खवळलेली असते की समोर येईल ते खाल्लं जातं, मागच्या वेळी आधी कडक कॉफी, मग तळलेलं आणि त्यावर गोड, आणि अर्ध्या तासात मळमळ, पोटात मुरडा, उजवीकडे बरगडीखाली दुखायला लागलं आणि नंतर इतकी गुंगी की सरळ आडवी झाले. तर तुम्ही सोडताना नक्की काय खाता, किती खाता? आणि फळांचा ज्यूस चालेल का, तो पटकन घेता येतो म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १
ज्यूस नको, अख्खं फळ खा. ज्यूसमधला चोथा गेलेला असतो त्यामुळे साखर भसकन रक्तात जाते, आणि मग ती उतरली की तुम्ही म्हणताय तशी गुंगी येऊ शकते. कॉफी तर रिकाम्या पोटी अजिबात नको, पोटातलं ॲसिड वाढतं. मी आधी कोमट पाणी पितो, मग अर्धं केळं किंवा भाज्यांचं पातळ सूप चिमूटभर मीठ घालून, आणि मग चक्क टेबलावरून उठतो. २० मिनिटं तरी. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला साधारण तेवढा वेळ लागतोच, आणि हेच सगळ्यात अवघड आहे, खाणं काय निवडायचं ते त्यामानाने सोपं. त्यानंतर जेवताना आधी शिजवलेली भाजी आणि अंडं किंवा दही, भात-पोळी शेवटी, या क्रमाने खाल्लं की साखर कमी उसळते हा माझा मीटरवर मोजून आलेला अनुभव आहे.

प्रतिसाद २
मी आहारतज्ज्ञ आहे, वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ताई, तुमचं ते बरगडीखाली दुखणं वाचून थांबले. उपासात पित्ताशय बराच वेळ रिकामं होत नाही, पित्त तिथे साठून घट्ट होत राहतं आणि मग एकदम तुपकट तेलकट आत गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. आत खडे असतील तर नेमकं तिथेच दुखतं. खडेच आहेत असं मी म्हणत नाहीये, पण पुन्हा दुखलं तर उपास बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या, प्लीज अंगावर काढू नका.
बाकी २४ तासांच्या उपासाला फार नखरे लागत नाहीत. मऊ भात, मसूराचं पातळ वरण, उकडलेला बटाटा, दही, पपई असलं काहीही चालतं. कच्चं सॅलड आणि राजमा-छोले पहिल्या घासाला नकोत, गॅस धरतो. आणि कुणी डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर डॉक्टरांशी डोस ठरवल्याशिवाय उपासच करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

प्रतिसाद ३
मी ६ दिवस फक्त पाण्यावर राहायचा विचार करतोय. सोडताना हेच सगळं थोडं कमी प्रमाणात खाल्लं की झालं ना?

प्रतिसाद २ कडून
नाही दादा, हे वेगळं प्रकरण आहे. इतके दिवस शरीर चरबीवर चाललेलं असतं, मग अचानक भात-साखर मिळाली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते फार कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावूही शकतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना पोटभर खायला दिल्यावर हे डॉक्टरांच्या ठळकपणे लक्षात आलं. ५ दिवसांपेक्षा जास्त जवळपास काहीच खाल्लं नसेल तर पहिले २ दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नये अशी ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची सूचना आहे. वजन मुळात कमी असेल तर धोका अजून वाढतो. त्यामुळे एकट्याने घरी करू नका, आधी डॉक्टर, रक्ततपासणी, मग बाकीचं.

प्रश्नकर्तीकडून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सूप आणि अर्ध्या केळ्यावर सोडला, मग घड्याळ लावून २५ मिनिटं थांबले, पहिली १० मिनिटं खरंच जड गेली पण नंतर नेहमीच्या निम्मं जेवूनच पोट भरलं. मुरडा नाही, गुंगी नाही. दुखलं नाही तरी सोनोग्राफीची वेळ घेतलीये, परवा आहे, रिपोर्ट आला की इथेच सांगते. तोपर्यंत पुढचा उपास करत नाहीये.