आयसीयूत बेड नसेल तर सिरियस पेशंट कॅज्युअल्टीत ठेवायचा की गेटवरूनच सांगायचं?

चहाबाज: मागच्या पावसाळ्यात वडिलांना रात्री साडेअकराला एका सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. निमोनिया, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ७२. श्वासाची नळी टाकून झाली आणि मग कळलं आयसीयू फुल, खालचं एकमेव व्हेंटिलेटर दुसऱ्याला लावलेलं. आंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, माझ्या हातात दिली, "पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबा, घाई करायची नाही" एवढं सांगून डॉक्टर पुढच्या ट्रॉलीकडे. मी, भाऊ आणि दाजी, सकाळी नऊपर्यंत आळीपाळीने दाबत होतो, अंगठ्याचं मूळ सुजलं, पहाटे दाजींना डुलकी लागली तर शेजारच्या ट्रॉलीजवळची म्हातारी ओरडली, "अवो दाबा की!" वर बेड मिळाला संध्याकाळी सहाला. साडेअठरा तास. वडील वाचले म्हणून निवांत लिहितोय, पण बेड नाही तर गेटवरच सांगा ना राव, तेवढ्यात कुठेतरी पोचलो असतो.

नाइटड्यूटी: कुठेतरी म्हणजे कुठे? मी कॅज्युअल्टीत सीएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर आहे. ७२ सॅच्युरेशनवाला माणूस रस्त्यातच गेला असता आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आमचं नाव. आधी जीव वाचवा हे सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच परमानंद कटारा केसमध्ये सांगून ठेवलंय. १०८ ची गाडी येते हो, पण पलीकडून "पाठवा" म्हणणारं कुणीतरी लागतं, रात्री दोनला फोन लावून बघा, सगळे फुल.

घाटमाथा: ठेवून घेता ते बरोबर, पण ठेवून करता काय? अमेरिकेत १२० हॉस्पिटलांतल्या ५० हजारांवर पेशंटचा २००७ चा अभ्यास आहे, आयसीयूत जायला सहा तासांहून जास्त थांबले त्यातले १७.४ टक्के हॉस्पिटलमध्येच गेले, लवकर वर गेले त्यांच्यात १२.९. कारणं उघड आहेत, आयसीयूत एका सिस्टरकडे एक-दोन पेशंट, खाली किती ते मोजायची सोय नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस वेळेवर मिळतो, चुकतो तो दुसरा, कारण तोवर पेशंट ना कॅज्युअल्टीचा ना मेडिसिन वॉर्डाचा.

नाइटड्यूटी: दुसऱ्या डोसचं एकदम मान्य, माझ्या डोळ्यांसमोर झालंय. पण तुमचा आकडा त्याच हॉस्पिटलात थांबलेल्यांचा आहे, गेटवरून परत पाठवलेल्यांचं काय झालं ते त्यात कुठे येतं? अमेरिकेतच मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलने २०१५ मध्ये इमर्जन्सीलाच चिकटून छोटं आयसीयू काढलं, नंतर तिथल्या सगळ्या इमर्जन्सी पेशंटचे ३० दिवसांतले मृत्यू २.१ वरून १.८ टक्क्यांवर आले. आम्हाला दोन व्हेंटिलेटर आणि रात्रीला एक जादा सिस्टर दिली तरी पुरे.

लेस्टरवाली मावशी: इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे. चार तासांत पेशंट वर न्या नाहीतर घरी पाठवा असं टार्गेट आहे, २००४ ला ९८ टक्के पेशंटसाठी होतं, २०१० ला ९५ केलं, आणि ते देशभरात शेवटचं गाठलं जुलै २०१५ मध्ये. आता पेशंट कॉरिडॉरमध्ये. आमच्याकडच्याच २०२२ च्या अभ्यासात निघालं की वॉर्डात जायला सहा ते आठ तास लागलेल्या दर ८२ पेशंटमागे एक जादा मृत्यू. तुम्ही पुढच्या दारावर भांडताय, तुंबलंय मागचं दार. इथे वॉर्डातली आजी बरी होऊनही घरी बघायला कुणी नाही म्हणून पडून, आणि माझा भाऊ पुण्यात टीपीएच्या (विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या) अप्रूव्हलसाठी बिल हातात घेऊन दिवसभर बेडवर बसून होता.

रोखठोक: मावशी, सरकारीत कुठला टीपीए. तिथे आयसीयूचे निम्मे बेड आशा नसलेल्यांनी अडवलेले असतात, नातेवाईक म्हणतात काहीही करा पण व्हेंटिलेटर काढू नका. उपचाराचा फायदाच नसेल तर आयसीयूत घेऊ नका असं केंद्राच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये आलंय, पाळतंय कोण? आणि प्रायव्हेटवाले पैसे संपले की डामावर (डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेतो, या कागदावर) सही घेऊन शेवटच्या दिवशी सरकारीत ढकलतात ते वेगळंच.

चहाबाज: निम्मे हा आकडा कुठून काढलात? माझे वडील ७४ चे, शुगर, बीपी, वर नळी. तुमच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच लागलं असतं. आता रोज सकाळी चालत जाऊन दूध आणतात.

रोखठोक: बरं, निम्मे मागे घेतो. पण बेड कुणाला हे कुणीतरी ठरवतंच, फक्त बोलत नाही. तुमचे वडील वर गेले ते कुणाच्या जागी गेले, विचारलंत का?

चहाबाज: नाही विचारलं. आणि गेटवरून पाठवा हे रागात लिहिलं होतं, तेही राहू दे. पण बेड संध्याकाळपर्यंत मिळणार नाही हे रात्रीच सांगितलं असतं तर गावाहून अजून दोघांना बोलावून घेतलं असतं. नाइटड्यूटी, एक सांगा, ज्याच्याबरोबर कुणीच नसतं त्याची बॅग कोण दाबतं?

नाइटड्यूटी: इंटर्न. नाहीतर वॉर्डबॉय. दोघंही नसले तर त्या म्हातारीसारखं शेजारचं कुणीतरी.