'नरसंहार' की 'वंशसंहार'?

निपाणीकर: मुलीला एम.ए.च्या भाषांतरात 'जेनोसाइड' आलाय. आमच्याकडं कन्नड पेपरात 'नरमेध' वाचतो, मराठीत 'नरसंहार'. दोन्ही एकच का?

बेळगावकर: 'नरमेध' मला मुळीच नको. मेध म्हणजे यज्ञ; मारणाऱ्याच्या कृत्याला त्यानं पुण्याचा वास येतो. 'नरसंहार' म्हणजे पुष्कळ माणसं मारणं, आणि इथं मुद्दा आकड्याचा नाहीच. रफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलानं १९४४ साली वापरात आणलेला हा शब्द. त्यातला ग्रीक 'गेनोस' म्हणजे वंश, जमात. ९ डिसेंबर १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात हेतू पाहतात: राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, तो गट आहे म्हणूनच, पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा. त्यामुळं जन्म रोखणं, मुलं हिसकावून दुसऱ्या गटात नेणं हेही त्यात येतं. 'वंशसंहार' त्यातल्या त्यात जवळचा. धर्मावरून झालेला गट 'वंशा'त नीट बसत नाही, ही उणीव मात्र राहते.

खानापूरकर: आमच्या मराठी शाळा बंद पडालेत, पाट्या बदलालेत. परवा सभेत त्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हणाले. बरोबर का?

बेळगावकर: भाऊ, दुःख खरं आहे, माझ्याही घरातलं आहे. लेमकिनच्या मनात संस्कृतीचा विध्वंस होता, सुरुवातीच्या मसुद्यातही होता; अंतिम करारातून तो वगळला गेला. भाषिक गटही त्यात नाही. पण कायदा बाजूला ठेवा. जुलै १९९५मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावात सुमारे ८,००० बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांच्या आयांना जो शब्द वापरावा लागतो, तो आपण पाटीसाठी वापरू नये. 'भाषिक गळचेपी' म्हणा, आपलं सगळं त्यात येतं.

निपाणीकर: कराराच्या नावात 'प्रिव्हेन्शन' आहे. मुलीनं 'निवारण' लिहिलंय.

बेळगावकर: निवारण आलेल्या संकटाचं करतात, तक्रारीचं करतात. 'प्रतिबंध' म्हटलं की बंदी आठवते. साधं 'रोखणे' लिहावं. २००७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं स्रेब्रेनित्साबाबत सर्बियाला वंशसंहार केल्याबद्दल जबाबदार धरलं नाही, पण तो रोखला नाही म्हणून कराराचा भंग झाला असं ठरवलं. गंभीर धोका कळला, किंवा कळायला हवा होता, त्या क्षणी हे कर्तव्य सुरू होतं. 'निवारणा'त तो आधीचा काळच निसटतो. नाव असं लिहायला सांगा: 'वंशसंहार रोखणे व त्याबद्दल शिक्षा करणे यासंबंधीचा करार'.