खालचा अंगठा नेमका कशाला पडतो?

रापणकर (मालवण): आम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने ओढायचं जाळं, ओढणारे. पर्ससीनचा, म्हणजे बोटीतून मासळीचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचा, मी कट्टर विरोधक. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा उरली, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांतला. पण परवा एका खलाशाने आमच्या गटात लिहिलं, "डिसेंबरनंतर जाळं बंद झालं की मालक नाही, आम्ही घरी बसतो." शिवी नाही, काही नाही. तासाभरात इतके खालचे (नापसंतीचे) अंगठे पडले की पोस्ट मिटली, टिचकी मारल्याशिवाय दिसेना. तीच पोस्ट रत्नागिरीकडच्या गटात सगळ्यात वर! म्हणजे अंगठा मजकुराला नाही, बंदराला पडला. अशाने इथे आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत राहणार. खालचा अंगठा काढून टाका.

देवगडचा बागायतदार: अजिबात पटलं नाही. फेसबुकवर २००९ पासून लाईक आहे, खालचा अंगठा कधीच नव्हता. तिथे कंपू नाहीत? उलट यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचे आकडे लपवले, त्याचा फटका आम्हाला. मोहोरावर 'हमखास' फवारणी सांगणारा भोंदू पूर्वी आकड्यावरून ओळखू यायचा. आता कॉमेंटी चाळत बसा.

रापणकर: फवारणी लागू पडते की नाही हे झाडावर दिसतं. पर्ससीन असावी की नसावी हे कुठल्या झाडावर बघणार? शिवाय पहिला अंगठा पुढच्यांना ओढतो. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग छापून आला होता. एका बातम्यांच्या साइटवर काही कॉमेंटना मुद्दाम एक वरचं मत दिलं, तर त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. एका मताने!

देवगडचा बागायतदार: अर्धाच प्रयोग सांगितलात, राव. त्याच प्रयोगात खोटं खालचं मत पडलेल्या कॉमेंटना लोकांनी वरची मतं देऊन सावरलं. बिघाड तुमच्या लाडक्या वरच्या अंगठ्यात निघाला.

गजालकार: माका दोघांचाव पटना नाय. डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) आपल्या बुवाक टाळये कितीव वाजवा, समोरच्या बुवाचो माईक कोण बंद करता काय? अंगठे ऱ्हवांदेत. पोस्ट मिटता ता बंद करा.

खाडीपलीकडची: मिटवणं बंद केलं तर शिवीगाळही वरच तरंगेल, त्याचं काय? स्लॅशडॉट ही जुनी साइट बघा. तिथे मत द्यायचा हक्क काही जणांनाच, तोही आळीपाळीने. मोजके गुण हातात, ते ठरलेल्या मुदतीत वापरायचे. कारण निवडायचं: माहितीपूर्ण, विनोदी, विषयाबाहेर वगैरे. आणि ज्या चर्चेत स्वतः बोललात तिथे मत देता येत नाही. 'पटत नाही' असं कारणच यादीत नाही. (लबाड माणूस 'विषयाबाहेर' दाबेल, ते आहेच.)

रापणकर: हे चालेल. पण आमच्या गटात न बोललेला माणूस शोधायचा कुठून?

मिरकरवाडा (रत्नागिरी): खलाशाची पोस्ट आमच्याकडे वर होती, खरं आहे. त्याच दिवशी कुणीतरी रापणीच्या वाट्याबद्दल लिहिलं होतं: दोर ओढायला पन्नास हात आणि टोपलीत तारली दोन मुठी. हा धागा वाचून ती पोस्ट शोधली. तळाला होती, मिटलेली. उघडली तर खालचा अंगठा रंगलेला. माझाच.